गुडघ्याइतकं गवत

तात्या,

तुम्हाला जाऊन एक दिवस झाला होता आणि तुमच्या लेकाचा, संजयदादाचा फोन आला. मी ऑफिसात होते. तो म्हणाला, "सुमनताई, उद्या राख सावडायची हाय. नदीला न्हाय न्यायची असं ठरलंय. तात्यांच्या माळावरच्या प्लॉटात खड्डा घिऊ, राख त्यात टाकू आन वर एक झाड लावू. तात्यांना तेच आवडलं असतं. तुमच्या खात्याची परवानगी लागंल ना?" आणि मी चक्क फोन कापला. मग रेंज गेली म्हणून खोटा मेसेज टाकला.

हल्ली आपल्याकडे पुष्कळजण असं करतात. राख पाण्यात सोडण्याऐवजी खड्ड्यात टाकतात, वर आंबा नाहीतर वड लावतात. चांगलीच रीत आहे. आणि ज्या माणसानं जन्मभर झाडंच लावली, त्याच्या राखेवर झाड नाही लावायचं तर कुणाच्या? संजयदादाचं काहीच चुकलं नव्हतं. चूक एवढीच होती, की खात्याच्या माळावर तुम्ही लावलेल्या ज्या झाडांमध्ये त्याला तुम्हाला ठेवायचं होतं ती झाडं आता नाहीत. ती फाल्गुनातच काढली. काढण्याच्या प्रस्तावावर सही माझी आहे. त्या माळावर नवीन झाड लावायला आता बंदी आहे आणि ती बंदी राबवणारीही मीच. तुम्ही अंथरुणावरून मला विचारलं होतंत, "झाडं हायती का गं?" आणि मी म्हणाले होते, "आहेत तात्या. कुठं जातायत?"

हे तुम्हाला तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. दरवेळी पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. माणूस समोर असतो तोवर पुढची खेप असतेच असं वाटतं.

मी खात्यात लागले तेव्हा तुम्ही आमचे वनपाल होतात आणि मी कोरी करकरीत वनरक्षक. गणवेश अंगापेक्षा दोन बोटं मोठा. तुम्ही शेळगावच्या त्या एसटी थांब्यावर मला न्यायला आलात, वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि पहिलं वाक्य बोललात ते "चप्पल घालून आलीस व्हय माळावर?" दुसरं वाक्य, "कुठली तू?" मी म्हटलं, सुप्याची. तर म्हणालात, "मंग हरणं बघितली असशील, काटं न्हाय बघितलं." मला असा राग आला होता! सुप्याच्या माळावर मी चिंकारांच्या मागे अनवाणी पळालेली मुलगी, आणि मला हे काटे शिकवणार. पण त्या दिवशी संध्याकाळी तळपायातले काटे काढताना मी तुम्हाला मनातल्या मनात एक मार्क दिला होता.

खड्डा घ्यायला तुम्ही शिकवलंत. मजुरांना सांगून मोकळे होणारे वनपाल मी नंतर खूप पाहिले. तुम्ही स्वतः खोरं हातात घ्यायचात. वरची काळसर माती एका अंगाला, खालची मुरमाड दुसऱ्या अंगाला. रोप लावताना वरची माती खाली जाते आणि मुरूम वर येतो. "वरची माती खाल्लीप्यालेली असती," म्हणायचात, "पोराला पयला घास तिचाच द्यायचा." मी हसायचे. आज मी माझ्या वनरक्षकांना हेच सांगते आणि ते माझ्याकडे पाहून हसतात.

माळावरची लागवड तुमच्या आधीच्या साहेबांच्या काळापासूनची. दुष्काळात माळावर खड्डे घ्यायचं काम निघालं, तेव्हा तुम्ही नुकते खात्यात चिकटला होतात. त्या उन्हाळ्याची गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की कधीकधी वाटतं मीही तिथं होते. बाया टोपली डोक्यावर घेऊन पहाटेच यायच्या, लेकरं बाभळीखाली झोपवायच्या आणि संध्याकाळी घरी धान्य न्यायच्या. "त्या खड्ड्यांनी शेळगावच्या चुली पेटवल्या," असं तुम्ही म्हणायचात आणि पुढे कुणी काही बोलायची सोय नसायची. तेव्हाचं धोरण म्हणजे झाडं. उघडा माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे वाया, आणि वाया गेलेल्या जमिनीवर सरकारनं झाड लावायचं. माळाला तारेचं कुंपण, चराईला बंदी, बोर्डावर लाल अक्षरं.

पण झाडं जगेनात. पाऊस आपल्याकडे वाट चुकल्यासारखा येतो. कडुनिंब लावला, शिसव लावली, सगळं दुसऱ्या उन्हाळ्यात काटकी झालं, आणि जे उरलं ते रात्रीत कुणाच्या तरी बकऱ्यांनी खाल्लं. इकडे तपासणीला साहेब यायचे, रोपवनातली जिवंत टक्केवारी विचारायचे. टक्केवारी पडली की खुलासा द्या. मग तुम्हीच एक दिवस शोधून काढलंत, की मेंढी ज्याला तोंड लावत नाही ते झाड लावायचं. उंदीरमारी. फांदी तोडून खोचली तरी जगते, पाणी मागत नाही, मेंढरू तिच्याकडे बघून मान फिरवतं. मेलेल्या प्रत्येक रोपाच्या खड्ड्यात तुम्ही उंदीरमारी खोचलीत. पुढच्या तपासणीला माळ हिरवागार. साहेब खूश. खूश होऊन तुम्ही मला गाडीवर मागं बसवून भिगवणला नेलंत, कारण तुमच्या घरी आक्का मासा आणू देत नसत. रस्त्याकडेच्या त्या पत्र्याच्या हॉटेलात तळलेली चिलापी खाताना तुम्ही म्हणालात, "सुमन, खात्यात दोनच गोष्टी जगत्यात. उंदीरमारी आन आमी."

मी तेव्हा पोट धरून हसले होते. पुढे हेच सगळं माझ्याच हातून चुकीचं ठरवून घेतलं जाईल, हे कुठं ठाऊक होतं?

आणि बिरा आबा. ज्याच्यावरून आपलं दोघांचं कधीच एकमत झालं नाही तो मेंढपाळ. उन्हाळा संपला की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडं, कोंबड्या, बायकापोरं असा सगळा बारदाना, माळाच्या कडेला उतरायचा. कुंपणाची तार एका जागी वाकलेली सापडली आणि तुम्ही त्यांची सगळी बकरी, म्हणजे मेंढरंच, कोंडवाड्यात घातलीत. मी होते तिथं. कोंडवाड्याच्या दारात ते उकिडवे बसले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "तात्या, आमी काय येडं हाय का? गवत गुडघ्याला आल्याबिगर आमी बकरी घालत न्हाय. बी पडाय लागतं. आमच्या बापानं शिकवलंय आमाला. तुमच्या कागदावर हाय का हे?"

तुम्ही म्हणालात, "कागदावर बंदी हाय. गुडघा न्हाय."

मी गाडीवर परतताना म्हटलं, "तात्या, त्यांचं बरोबर वाटतं." तुम्ही गाडी थांबवलीत. खाली उतरायला लावलंत. "बरोबर असंल. पन उद्या साहेब आलं आन रोप खाल्लेलं दिसलं तर बिराला कोण इचारनार? मला इचारत्याल." आणि मग गाडीला किक मारत, "बस. उनात हुबी राहू नगं." आपली भांडणं अशीच संपायची. न संपता.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मला वाटलं, आता माळ सोडाल. कसचं काय. रोज सकाळी सायकलला दोन कॅन लटकवून तुम्ही प्लॉटात हजर. उंदीरमारीला पाणी लागत नाही हे मला तुम्हीच शिकवलेलं. पण मधूनमधून एखादा कडुनिंब चुकून जगला होता, त्याला तुम्ही पाणी घालायचात. खात्यातल्या नव्या पोरांना हा म्हातारा कोण, असं वाटायचं. मी वनपाल झाले तेव्हा तुम्ही पेढे घेऊन आलात आणि वर ऐकवलंत, "माज्या झाडांवर आता तुजी नजर. ध्येन ठिव."

मग वारं फिरलं. एकदम नाही फिरलं, असं कधी एकदम फिरत नाही. आधी कुणीतरी अभ्यासाला आलं, मग एक बैठक झाली, मग बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ आली, मग परिपत्रक. माळ म्हणजे पडीक जमीन नाही, असं त्यात होतं. माळ म्हणजे गवताचं जंगल. त्यात लांडगा राहतो, चिंकारा राहतो, चंडोल जमिनीवर घरटं करतो. झाडांची गर्दी झाली की हे सगळे निघून जातात. बाहेरून आणलेली झाडं काढा. पवन्या आणि डोंगरी गवताला जागा द्या. मेंढपाळांना बोलवा, शिस्तीत चरू द्या. आणि शेवटी नेहमीचं वाक्य, की यापूर्वीचे सर्व आदेश या आदेशान्वये अधिक्रमित करण्यात येत आहेत. ते वाचताना मला तुम्ही आठवलात.

खरं सांगते, मला आनंद झाला होता. मी सुप्याची. लहानपणी पाहिलेलं मोकळं रान कागदावर कुणीतरी खरं ठरवत होतं. तुमच्या प्लॉटात उंदीरमारीखाली गवताची काडी उगवत नव्हती आणि चिंकारा तर मी तिथं एकदाही पाहिला नाही. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या भागातला प्रस्ताव तुम्ही लिहाल का? तुम्हाला माळ माहीत आहे." मी हो म्हणाले. कारणमीमांसेच्या रकान्यात मी लिहिलं, "पूर्वीच्या चुकीच्या वृक्षलागवडीमुळे नैसर्गिक गवताळ अधिवास नष्ट झाला आहे." वाक्य मला आवडलं होतं. दोनदा वाचलं. त्यात तुमचं नाव कुठंच नव्हतं आणि तेच मला सोयीचं वाटलं.

तुम्हाला कळवायला मी शेळगावला आले होते. तुम्ही तेव्हा चालतेफिरते होतात. अंगणात बसून शेंगा फोडत होतात. मी परिपत्रक वाचून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत, शेंगा फोडत राहिलात.

"म्हंजी आमी तीस वरीस काय केलं?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, "तेव्हा तेच धोरण होतं तात्या."

"तवा मी म्हनलो असतो की झाडं लावू नगा, तर?"

"तर तुम्हाला घरी बसवलं असतं."

"आन आता तू म्हनलीस की काढू नगा, तर?"

मी परिपत्रकाची घडी घातली. तुम्ही शेंगांची परात माझ्याकडे सरकवलीत. "मंग तुजं आन माजं काय येगळं झालं? मी वरून आलं म्हनून लावली, तू वरून आलं म्हनून काढनार. माळाला कुनी इचारलं?" मी चिडले. म्हटलं, या वेळी माळाला विचारूनच ठरवलंय, अभ्यास झालाय. तुम्ही म्हणालात, "आमच्या येळंलाबी अभ्यास झालता. साहेब लोक जीपमधनं आलतं." आणि हसलात. मी हसले नाही. त्या दिवशी चहा न घेता उठले. एवढं मोठं भांडण आपलं दुसरं झालं नाही आणि ते तसंच अर्धं राहिलं.

नंतर दिवाळीत तुम्हाला झटका आला. उजवं अंग गेलं. संजयदादा तुम्हाला बारामतीला त्याच्या घरी घेऊन गेला. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. माळ बघायची सवय असलेल्या माणसाला भिंत. मीटिंगला बारामतीला आले की मी येऊन बसायचे. मोसंबी सोलायचे. तुमची जीभ जड झाली होती, तरी येईल तेव्हा एकच प्रश्न, "झाडं हायती का गं?"

फाल्गुनापर्यंत मी खरं बोलत होते. झाडं होती. मग करवती आल्या. पहिल्या दिवशी मी समोर उभी राहिले, कारण वनपाल समोर असावा लागतो. उंदीरमारीचं लाकूड पटकन पडतं, तक्रार करत नाही. नेमकी फुलं आली होती. सगळा माळ गुलाबी होता. तुमचे कडुनिंब मी ठेवायला लावले, ते इथलेच म्हणून नियमात बसत होते. चार जगले होते, ते आहेत. तेवढं तरी सांगता आलं असतं. पण तुम्ही कडुनिंब विचारले नव्हते, झाडं विचारली होती. आणि मी म्हणाले, "आहेत तात्या. कुठं जातायत?" आक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

वैशाखानंतर तुम्ही विचारायचं थांबलात. मी मोसंबी सोलत बसायचे, वाट बघायचे, आणि प्रश्न यायचा नाही. मला वाटलं, दुखण्यानं विसरलात. तात्या, मला बरं वाटलं होतं. सुटले असं वाटलं.

आषाढात शेवटची आले तेव्हा तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात. मला वाटलं झोपलात. मी उठणार तेवढ्यात डाव्या हातानं माझं मनगट धरलंत. "गवत कुठवर आलं?" मी म्हटलं, "घोट्यापर्यंत आलंय. पाऊस बेताचा आहे." तुम्ही शब्द गोळा केलेत. एकेक करून. "गुडघ्याला येस्तवर बकरी घालू नगंस." मी मान डोलावली. लहान मुलाला डोलावतात तशी. भ्रमात आहेत, कुठल्या तरी जुन्या सालात फिरतायत असं समजून तुमचं पांघरूण सारखं केलं आणि मीटिंगला उशीर होतोय म्हणून निघाले. श्रावणात तुम्ही गेलात.

तर संजयदादाचा फोन. रात्रभर मी काय सांगायचं ते घोकत होते. झाड लावायला नाही म्हणावं तर कुठल्या तोंडानं? हो म्हणावं तर माझ्याच सहीच्या विरुद्ध मी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ही माणसं राख घेऊन माळावर येतील आणि तिथं बुंधे बघतील. तुमच्या राखेसमोर माझं खोटं उघडं पडेल. सकाळी शेळगावला पोचले ते सगळं कबूल करायचं ठरवूनच. स्मशानातून राख गोळा करून माणसं परत फिरत होती. संजयदादाच्या हातात बोचकं होतं. मी पुढं झाले, तोंड उघडलं, आणि आक्कांनी मला हातानं मागं सारलं.

"माळावर न्हाय जायचं," त्या संजयदादाला म्हणाल्या. "आपल्या बांधाला लावायचं. ह्यांनी सांगून ठिवलंय."

"कवा सांगितलं?" संजयदादा चकित.

"सांगितलंय म्हनलं ना. चल."

बांधावर मी खोरं मागून घेतलं. वरची काळी माती एका अंगाला, मुरूम दुसऱ्या अंगाला. आक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि खालच्या आवाजात, मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलल्या.

"वैशाखात बिरा आलता बारामतीला. ह्यांना बघाय. एवढी वर्सं भांडला, पन आला. इचारत इचारत घर शोधलं त्यानं. त्यो म्हनला, तात्या, तुमची झाडं काढली समदी, आन मला कागुद आलाय बकरी घालायचा. त्याला वाटलं ह्यांना ठावं असंल."

माझा हात थांबला.

"मंग हे भिताडाकडं तोंड करून पडलं दोन दिस. जेवलं न्हायती. मी म्हनलं, सुमनला बोलावते, चांगली इचारते. तर न्हाय म्हनलं. म्हनलं, मला कळलंय हे तिला कळू दिऊ नगंस. पोरगी लाजंल, मंग यायची बंद व्हईल." आक्कांनी डोळ्याला पदर लावला. "आन म्हनलं, राखंचं झाड बांधाला लावा. माळावर मागाय जाऊ नगा. ती न्हाय म्हनायची न्हाय आन तिची नोकरी जाईल."

तात्या, त्या खड्ड्यापाशी मी मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं, तुमच्यासाठी. तुमच्यासाठी होतंच. पण जास्त माझ्यासाठी होतं. मी तुम्हाला भिंतीसमोर बसवून खोटं सांगत होते, आणि तुम्ही ते ओळखून माझ्यासाठी गप्प होतात. म्हणजे त्या घरात कोण कुणाला सांभाळत होतं?

आणि मग रात्री घरी आल्यावर मला ते वाक्य आठवलं. गुडघ्याला येईपर्यंत बकरी घालू नकोस. मी म्हटलं होतं, जुन्या सालात फिरतायत. पण जुन्या कुठल्याच सालात तुम्ही हे म्हणाला नव्हतात. तुमच्या उभ्या नोकरीत तुम्ही एक मेंढरू आत घातलं नाही, मग कधी घालायचं हे सांगायची वेळच कुठं आली होती? तुम्ही या सालाचंच बोलत होतात. झाडं गेलीत, बिराला बोलावणं आलंय, गवत घोट्याला आहे, हे सगळं धरून बोलत होतात. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून तुम्ही काय काय गिळलंत ते मला कधी कळणार नाही. पण त्यानंतर तुम्ही माळाचा विचार केलात. झाडांवाचूनच्या माळाचा. आणि जे शब्द कोंडवाड्याच्या दारात तुम्ही उडवून लावले होते, तेच बिरा आबांचे शब्द मला देऊन गेलात.

तरी तुम्हाला नवं धोरण पटलं होतं असं मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. त्या शेंगांच्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. उद्या तिसरं परिपत्रक येईल. माझ्या हाताखालची आजची वनरक्षक तेव्हा वनपाल असेल, आणि कुठल्या तरी रकान्यात "पूर्वीच्या चुकीच्या" असं लिहील, त्यात माझं नाव नसेल. लिहू दे. माझी भीती वेगळी आहे. ती पोरगी मला सांगायला येईल का? आणि आली नाही, तर तुमच्याएवढं मोठं मन मला जमेल का? माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात तुमचं तेरावं झालं. या आठवड्यात साहेबांचा निरोप आला, की माळावर चराईचा शुभारंभ करायचा आहे, पाहुणे येणार, फोटो होणार, बिरा आबांना फेटा बांधायचा, तयारी ठेवा. तारीखही ठरली. मी पहाटे माळावर जाऊन आले. तुमच्या जुन्या प्लॉटात मधोमध उभी राहिले आणि पाय गवतात ठेवून पाहिलं. पिंढरीला लागतंय. बुंध्यांच्या आजूबाजूला तर तेवढंही नाही.

साहेबांना फोन केला. म्हटलं, आत्ता बकरी घातली तर बी पडणार नाही, पुढच्या साली पुन्हा उघडा माळ. थांबायला हवं. ते म्हणाले, "परिपत्रकात असं कुठं आहे? लेखी द्या. संदर्भ काय देणार?"

मग काल मी पत्र लिहिलं, तात्या. विषय, चराई पुढे ढकलणेबाबत. आणि त्याखाली जिथं शासन निर्णयाचा क्रमांक घालतात, तिथं तुमचं पूर्ण नाव घातलं. माजी वनपाल, मुक्काम शेळगाव, यांची तोंडी सूचना. कारकून म्हणाला, "मॅडम, हे चालतं का?" मी म्हटलं, जावक क्रमांक टाक. पत्र गेलं आहे. उत्तर आलेलं नाही. कदाचित मला खुलासा द्यावा लागेल. तुम्ही कितीतरी दिलेत.

बिरा आबांना मी हे सांगायला गेले तेव्हा ते वाड्यापाशी लोकर निवडत बसले होते. मी म्हटलं, आबा, कार्यक्रम झाला तरी अजून बकरी घालू नका. ते म्हणाले, "मी कुठं घालतोय? गुडघा बघितल्याबिगर मी न्हाय घालत. तात्यालाबी मी बारामतीला तेच सांगून आलो, तर त्यो म्हनला, सुमनला सांगतो."

सांगितलंत, तात्या. मीच उशिरा ऐकलं. गवत अजून गुडघ्याला आलेलं नाही. आम्ही दोघं थांबलो आहोत.